मेंढ्यांनी खाल्लेले बाण

३ एप्रिल, घरी. आई तिच्या औषधांच्या दुकानात गेली आहे.

काका,

मायना काय लिहायचा ते मला येत नाही. शाळेत आम्हाला 'डिअर सर' शिकवलं. तुम्हाला 'डिअर सर' लिहिलं तर तुम्ही पाकीट उलटं करून बघाल की कुठल्या बिल्डिंगच्या लिफ्टची कंप्लेंट आहे. म्हणून नुसतं काका.

बस स्टँडवर तुम्ही म्हणालात, "फोन नको, पत्र नको. तुझ्या आईला त्रास होईल. आपलं नातं तिच्यामुळे होतं. तिलाच नको झालं, तर मी तुझा कोण?" तेव्हा मी काहीच बोलले नाही, कारण माझं नाक गळत होतं आणि तुमची बस सुटत होती. आता नाक कोरडं आहे, म्हणून लिहिते. उत्तर नका देऊ. थँक्यू म्हणायला उत्तर लागत नाही.

फोन मी खूप करून बघितले. माझा नंबर दिसला की तुम्ही उचलत नाही. अनोळखी नंबर मात्र पहिल्या रिंगला उचलता, कारण कुठेतरी कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलेलं असू शकतं. हे मला कसं माहीत? मागच्या महिन्यात मी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या फोनवरून केला होता. तुम्ही म्हणालात, "हॅलो, कुठला मजला?" आणि मी घाबरून ठेवून दिला. तर तो फोन माझा होता. कोणी अडकलेलं नव्हतं. म्हणजे होतं, पण लिफ्टमध्ये नव्हतं.

बरं, बातमी. मी डोंगर ओलांडणार आहे. सायकलवर! तुम्ही दिलेल्या निळ्या सायकलवरच, फक्त गिअर नवे टाकलेत. आमच्याकडे एक 'ओढ्याची शाळा' आहे. शाळा म्हणजे एक जुनी व्हॅन. तिच्यात सूक्ष्मदर्शक, जाळ्या, ट्रे आणि एक बाई. बाई गावोगावच्या शाळांतल्या मुलांना ओढ्यावर नेतात आणि दगड उलटायला लावतात. दगडाखाली कोणते किडे राहतात त्यावरून पाणी स्वच्छ की घाण ते मुलं सांगतात. सगळे त्यांना ओढेबाई म्हणतात. व्हॅनने मान टाकली आहे. नवी घ्यायला मदत जमावी म्हणून ही राइड, डोंगराच्या या बाजूच्या शाळेपासून त्या बाजूच्या शाळेपर्यंत.

मी किती तयारी केली होती! मला वाटलं मी पहिल्या पाचात असणार. आणि ओढेबाईंनी मला काय दिलं? झाडू. खराखुरा, छोटा, सायकलच्या मागे बांधायला. झाडू म्हणजे सगळ्यात शेवटचा रायडर. त्याने कुणालाही मागे टाकायचं नाही. जो सगळ्यात हळू, त्याच्या मागे राहायचं. मी तोंड एवढंसं केलं तर ओढेबाई म्हणतात, "पुढे जायला पाय लागतात गं. मागे राहायला माणूस लागतो." वाक्य छान आहे, पण माझी जिरली ती जिरलीच.

एक गोष्ट मात्र माझी मान्य झाली. रस्ता दाखवायला प्लास्टिकच्या फिती नकोत, रंग नको, कारण आपण पर्यावरणवाले. मग काय? मी म्हटलं, पीठ! रस्त्यावर पिठाचे बाण काढायचे. दोन दिवसांत मातीत मिसळून जातील, कचरा शून्य. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी अजून त्याच तोऱ्यात आहे.

आणि हो, इमर्जन्सीला कुणाला फोन करायचा ते विचारलं तेव्हा मी तुमचा नंबर दिला. आईचा फोन दुकानात ड्रॉवरमध्ये पडलेला असतो ना, म्हणून. बाकी काही नाही. काही होणारही नाही. फक्त कळवून ठेवते.

— मी


९ एप्रिल, डोंगरावरच्या वसतिगृहात, जेवणानंतर

काका,

थँक्यू नंबर एक: ब्रेक.

उतारावर सगळे ब्रेक करकचून धरून बसले होते. एकाच्या रिममधून वास यायला लागला. मला तुमचा आवाज ऐकू येत होता, "दाबून धरू नकोस. दाब, सोड, दाब, सोड. त्यालाही श्वास घेऊ दे." मी दुसरीत होते. आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगच्या उतारावर तुम्ही मागून पळत होतात, पान्हा खिशातून खाली पडत होता आणि आई गॅलरीतून ओरडत होती, "आधी स्वतःचे दात सांभाळा!"

दातांवरून आठवलं. माझ्या पुढे, म्हणजे सगळ्यांच्या मागे, एक दातांच्या डॉक्टर आहेत. मावशी म्हण म्हणाल्या. साठीच्या पुढच्या, चांगल्या भक्कम, आणि बोलायच्या थांबत नाहीत. मी विचारलं, चढावर दम लागत नाही का? तर म्हणे, "अगं, आयुष्यभर लोकांची तोंडं उघडी ठेवून मी एकटीच बोलत आलेय. सवय आहे." समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाचे दात त्या चालत्या सायकलवरून तपासतात. एका ट्रकवाल्याने हसून हात केला तर ओरडल्या, "डावीकडची दाढ! या आठवड्यात दाखव!" त्याने ट्रक जवळजवळ दरीत घातला.

आज दुपारी ओढ्यावर थांबलो. पुढचे सगळे केव्हाच निघून गेले होते. त्यांनी फोटो काढले आणि पळाले. शेवटी आल्यामुळे आम्हाला मुलं नीट भेटली. एका मुलीने दगड उलटला, त्याला चिकटलेला किडा मला दाखवला आणि म्हणाली, "हा असला की पाणी पिऊ शकतो. पण आधी त्याला विचारायचं." मी म्हटलं, कसं विचारायचं? ती म्हणाली, "दगड परत होता तसा ठेवायचा. मग तो समजतो."

झाडू असण्यात इतकी मजा असेल असं वाटलं नव्हतं. पुढे असते तर मला फक्त रस्ता दिसला असता.

उद्या खिंड. सगळ्यात मोठा चढ, आणि मग संपलं.

पाय भयंकर दुखतायत. पण छान दुखतायत.

— मी


१२ एप्रिल, डोंगरापलीकडच्या शाळेत

काका,

तुम्हाला बरंचसं माहीत आहे. पण तुम्हाला फोनवर तुकडे तुकडे मिळाले असणार, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. आधी हे: मी ठीक आहे. मावशी ठीक आहेत, घोटा सुजलाय. स्वेटर घातला होता.

खिंड आम्ही चढलो. मावशी शेवटचा टप्पा सायकल ढकलत आणि मला फिलिंग कशी करतात ते सांगत चढल्या. वर धुकं होतं. पलीकडे उतरल्यावर एक फाटा लागतो. तिथे मेंढ्यांचा मोठा कळप बसला होता, आणि इतका गोड! सगळ्यांची तोंडं पांढरी, जणू मिशा काढल्यात. मी उतरून फोटो काढला. मग इकडेतिकडे बाण शोधला, दिसला नाही. मावशी म्हणाल्या, "काय गं झाडू, कुठे?" मी म्हटलं, "डावीकडे. शंभर टक्के." मला खात्री असायची सवय आहे, तुम्हाला माहितीये.

डावीकडचा रस्ता आधी डांबरी, मग खडीचा, मग नुसताच दगडांचा झाला. मावशींचं पुढचं चाक फसलं आणि त्या बदकन पडल्या. घोटा. उभंच राहता येईना. धुकं इतकं की मला माझा झाडू दिसत नव्हता. फोनला रेंज नाही. मी मावशींचं लक्ष दुसरीकडे न्यायला त्यांना मेंढ्यांचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोन नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "अगं बाई, या मिशा नाहीत. हे पीठ आहे."

काका, मेंढ्यांनी माझे बाण खाल्ले होते. फाट्यावरचे सगळे. चाटूनपुसून. पुढचे रायडर सकाळीच गेले, तेव्हा बाण होते. मेंढ्या नाश्त्याला नंतर आल्या. मावशी घोटा धरून इतक्या हसल्या की मला वाटलं त्यांना काहीतरी झालं. "कचरा शून्य," म्हणत होत्या, "खरंच शून्य!"

मग माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट आली आणि हसू गेलं. झाडूच्या मागे कुणी नसतं. जो चुकेल त्याला झाडू गाठतो, पण झाडूच चुकला तर? हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मी म्हटलं, मावशी, तुम्ही बसा, मी जाऊन मदत आणते. सायकलवर बसलेसुद्धा. आणि मग मला ती जुन्या मार्केटमधली लिफ्ट आठवली. तुम्ही कधी बोलत नाही त्याबद्दल, पण मी विसरले नाहीये. मी अडकले होते, दोन मजल्यांच्या मध्ये, आणि दार बोटांनी उघडायला बघत होते. तुम्ही वरून ओरडलात, "हात काढ! अडकलेल्या माणसाचं काम एकच. सापडणं. बस खाली आणि पाढे म्हण. मोठ्याने. मला आवाजावरून कळेल कुठे आहेस." आणि मी तुमचे पाय खाली येईपर्यंत ओरडत राहिले, टू वन जा टू, टू टू जा फोर.

मी सायकलवरून उतरले. मावशींना माझं जॅकेट दिलं, त्यांच्याजवळ चिकटून बसले आणि ओरडायला लागले. टू वन जा टू.

मावशी म्हणाल्या, "हे काय, डोक्यावर परिणाम झाला?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझे काका शहाणे दिसतात. पण हे जाजाजाजा काय लावलंय? पाढे असे नसतात." आणि त्यांनी सुरू केलं, बे एके बे, बे दुणे चार, खणखणीत. मी सातापर्यंत पोचले तर त्या सतराच्या पाढ्यात. माझी चूक झाली की कोपर मारायच्या. मी म्हटलं, हे एकोणतीसचं कोण पाठ करतं? "ज्यांना इंग्रजी शाळेत घातलं नाही ते!" मग निमकी, म्हणे अर्ध्याचा पाढा. निमकी काय असते ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा मात्र दोघींचा आवाज खाली आला. मी एकदा थांबले. मावशींनी माझा हात दाबला आणि स्वतःच पुढचा पाढा सुरू केला. तेव्हा धुक्यातून ओढेबाईंचा आवाज आला, "पाढे! पाढे ऐकू येतायत! आणि दोन भाषांत!"

आता जे मला नंतर कळलं ते.

आम्ही शाळेत पोचलो नाही तेव्हा गाडी मागे पाठवली. ती नेहमीच्या रस्त्याने खिंडीपर्यंत जाऊन आली, आम्ही कुठेच नाही. मावशींनी इमर्जन्सीला स्वतःच्याच क्लिनिकचा नंबर दिला होता. क्लिनिक बंद ठेवून त्या इथे आलेल्या, उचलणार कोण? म्हणून ओढेबाईंनी तुम्हाला लावला. अनोळखी नंबर. तुम्ही उचललात.

ओढेबाईंनी मला सगळं सांगितलं, मीच परत परत सांगायला लावलं. त्या म्हणाल्या, "मी विचारलं, आपण तिचे कोण?" आणि तुम्ही म्हणालात, "ते नंतर बघू. तिने स्वेटर घातलाय का?"

मग तुम्ही विचारलंत की बाण कुठपर्यंत शाबूत आहेत. त्या म्हणाल्या, फाट्यावर दिसत नाहीयेत. मग तुम्ही म्हणालात, "तर ती तिथूनच चुकली. आधी थोडी पुढे गेली असेल, कारण तिला धीर नाही. मग थांबली असेल. लांब शोधू नका. इंजिन बंद करा आणि ऐका. गाणं नाही, पाढे ऐका. इंग्रजी."

मी हे ऐकलं तेव्हा घोंगडीत गुंडाळून गरम दूध पीत होते. कप खाली ठेवावा लागला.

तुम्ही मला भेटून किती दिवस झाले. मधे मी केस कापले, नोकरी बदलली, हट्टी होते ती आणखी झाले. तुम्हाला यातलं काही माहीत नाही. आणि तरी एवढ्या लांबून, एका परक्या बाईला, मी कुठल्या दगडावर बसले असेन ते तुम्ही सांगितलंत.

एक खरं सांगते. ड्रॉवरचं कारण खोटं होतं. आईचा फोन ड्रॉवरमध्ये असतो, पण दुकानाचा फोन काउंटरवर असतो आणि तो नंबर मला पाठ आहे. मला विचारलं, काही झालं तर कोण येईल? आणि माझ्या तोंडातून तुमचं नाव निघालं. विचार करायला वेळच मिळाला नाही.

मला फक्त भीती आहे की आता आईला कळलंय. तुम्हीच तिला फोन केलात, असं ओढेबाई म्हणाल्या. ती काय म्हणेल कुणास ठाऊक. उद्या घरी जाते.

— मी


१४ एप्रिल, घरी, स्वयंपाकघरात. आई समोर बसली आहे.

काका,

समोर बसलीये म्हणजे खरंच समोर. म्हणाली, "लिही. मी वाचणार नाही." आणि मान लांब करून बघतेय.

काल मी आले तेव्हा ती काहीच बोलली नाही. माझ्या दुखऱ्या गुडघ्याला मलम लावलं, इतकं जोरात की गुडघा राहिला बाजूला, मलमच लक्षात राहिलं. मग भांडी आपटली. मी म्हटलं, आई, बोल ना. तर म्हणे, "कशाला बोलू? तुमचं दोघांचं सगळं ठरलेलं असतं."

मी म्हटलं, काही ठरलेलं नाही. ते तर माझा फोनच उचलत नाहीत. तुला त्रास होईल म्हणून.

आईच्या हातात पातेलं होतं. ते तसंच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. "कोण म्हणालं मला त्रास होईल?"

"ते म्हणाले."

"मला विचारलं त्याने? तू विचारलंस?"

मी मलमाचं झाकण लावत बसले.

"वा!" आई म्हणाली. "तो तिकडे माझ्यासाठी त्याग करून बसलाय, तू इकडे माझ्यासाठी चोरून रडतेस, आणि ज्या बाईसाठी हे चाललंय तिला पत्ताच नाही! मोठे आले त्यागी!" मग पातेलं ठेवलं. "त्याचं माझं पटलं नाही. नाही म्हणजे नाही, आणि आता पटणारही नाही. सगळ्या गावाच्या लिफ्ट दुरुस्त करेल, पण मनात काय अडकलंय ते तोंडातून बाहेर काढणार नाही. मला नाही जमलं. पण तुझं आणि त्याचं मी कधी मोडलं? मला नवरा नको होता. तुला तो नको, असं मी कधी म्हटलं?"

काका, खरंच, कधीच म्हटलं नव्हतं. मी आठवून आठवून बघितलं.

मग तिने त्या दिवशीचं सांगितलं. काउंटरवर गर्दी होती. फोन वाजला, तुम्ही म्हणालात, "मी आहे." ती म्हणाली, "आवाज ओळखते मी. काय झालं?" तुम्ही सांगितलंत. आणि मग दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही. तुमच्या दुसऱ्या फोनवर ओढेबाईंचा निरोप येईपर्यंत तुम्ही तिकडे आणि ही इकडे, रिसीव्हर खांद्यात धरून लोकांना गोळ्या देतेय. एक अक्षर बोलला नाहीत म्हणे. मी विचारलं, मग एवढा वेळ काय केलंत? आई म्हणाली, "तो श्वास घेत होता, मी ऐकत होते. मी एका आजोबांना खोकल्याऐवजी पोटाचं औषध दिलं, परत बोलवावं लागलं." मग म्हणाली, "सापडल्या म्हणाला आणि लगेच ठेवला. रडायला लागला असणार. माझ्यासमोर नाही रडणार तो. तसाच आहे."

हे लिहू का, विचारलं तर म्हणाली, "लिही. त्याला कळू दे की मला कळतं."

तर थँक्यू नंबर दोन, तीन आणि पुढचे सगळे एकत्रच घ्या. ब्रेकसाठी. मार्केटच्या लिफ्टसाठी. शाळेच्या गॅदरिंगला तेलकट हातांनी आलात आणि मागे उभे राहिलात, त्यासाठी. माझ्या खऱ्या बाबांचा फोटो भिंतीवर तुम्हीच सरळ केलात, दर वेळी, त्यासाठी. मी कधी बोलले नाही, पण बघत होते.

ओढेबाईंना नवी व्हॅन मिळतेय. पुढच्या वर्षी बाण चुन्याचे काढणार, आणि झाडू दोन असणार. मावशींनी दुसऱ्या झाडूसाठी आत्ताच नाव दिलंय, घोटा अजून बादलीएवढा आहे तरी. मला म्हणाल्या, "तुझ्या काकांना सांग, दात दाखवायला या. फुकट नाही, पण गप्पा फुकट."

आता मुद्द्याचं. आई म्हणतेय, फिरवून फिरवून लिहू नकोस, सरळ लिही, तू काही लिफ्टवाली नाहीस.

सरळ लिहिते. काही झालं तर तुम्ही येता, हे मला कळलं. आधीही माहीत होतं, म्हणून तर नंबर दिला. पण मला तुम्ही फक्त काही झाल्यावर नको आहात. त्यासाठी दर वेळी डोंगरावर जाऊन हरवणं मला परवडणार नाही, आणि मेंढ्याही दर वेळी मिळणार नाहीत. मला तुम्ही साध्या दिवशी हवे आहात. चेन पडली, बॉस ओरडला, भात लागला, अशा दिवशी. तुम्ही मला विचारलं होतंत, मी तुझा कोण. मला अजून नीट शब्द सापडत नाही. पण ज्याला काहीच झालेलं नसताना फोन करावासा वाटतो, तो माणूस कोण असतो, तेवढं मला माहीत आहे.

बुधवारी संध्याकाळी तुम्ही कामावरून आलात की फोन करते. माझ्याच नंबरवरून. काहीही झालेलं नसेल. तरी उचला.

— मी